मांडवीवरच्या पोकर स्पर्धेचे वार्तांकन कसे करावे: मुंबईहून निघणाऱ्या वार्ताहरासाठी

पोकर स्पर्धेचे वार्तांकन करायचे असेल तर मुंबईच्या वार्ताहराला आधी मुंबई सोडावी लागते, कारण महाराष्ट्रात कॅसिनो नाही. कॅसिनोंवर नियंत्रण आणि कर यांबाबतचा अधिनियम आपल्या विधिमंडळाने १९७६ साली संमत केला होता; तो कधी अमलात आला नाही आणि अखेर २०२३ मध्ये रद्द झाला. १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा मात्र अजून लागू आहे. गोव्यात १९७६ च्याच जुगारविषयक कायद्यात पुढे दुरुस्त्या झाल्या आणि पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरचे खेळ व जहाजांवर टेबलांवरचे खेळ यांना परवानगी मिळाली. म्हणून पणजीला मांडवी नदीत नांगरून ठेवलेली कॅसिनो-जहाजे ही आपल्याला सर्वांत जवळची जागा ठरते. रात्री छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून कोकणकन्या धरावी आणि सकाळी करमळीला उतरावे. पणजीला जायला मडगावपेक्षा ते स्थानक सोयीचे आहे. वयाची २१ वर्षे पूर्ण नसतील तर कॅसिनोत प्रवेश मिळत नाही, त्यामुळे वार्ताहराबरोबर शिकाऊ छायाचित्रकार पाठवताना त्याची जन्मतारीख आधी पाहून घ्यावी.

निघण्यापूर्वी आयोजकांकडून लेखी परवानगी घ्यावी आणि तिच्यात चार गोष्टी स्पष्ट करून घ्याव्यात: टेबलांभोवती लावलेल्या दोरीच्या आत जाता येईल की नाही, छायाचित्रे कोणत्या वेळी आणि कोणत्या बाजूने घेता येतील, खेळाडूंची नावे छापण्याबाबत काही बंधन आहे का, आणि अंतिम टेबलाचे प्रक्षेपण होणार असेल तर ते किती मिनिटे उशिरा दाखवले जाणार आहे. हा शेवटचा मुद्दा बहुतेक जण विचारत नाहीत. प्रक्षेपणात खेळाडूंची झाकलेली पाने प्रेक्षकांना दिसतात आणि म्हणूनच ते मुद्दाम उशिरा सोडले जाते. तुम्ही टेबलाशेजारी उभे राहून निकाल त्याच क्षणी कळवलात तर त्या उशिराला अर्थ उरत नाही, आणि पुढच्या स्पर्धेला तुमचे ओळखपत्र तयार होत नाही. परवानगीबरोबरच स्पर्धेची रचना सांगणारा तक्ताही मागून घ्यावा. सुरुवातीला प्रत्येकाला किती चिप्स मिळतात, ब्लाइंड, म्हणजे पाने पाहण्याआधी दोन खेळाडूंनी सक्तीने लावायच्या चिप्स (लहान तो स्मॉल, मोठा तो बिग), किती मिनिटांनी वाढतात, नव्याने प्रवेश कोणत्या लेव्हलपर्यंत, म्हणजे ब्लाइंडच्या टप्प्यापर्यंत, घेता येतो आणि विश्रांती केव्हा आहे, हे सर्व त्यात असते. गाडीत रात्री झोप लागली नाही तर हा तक्ता पाठ करावा.

सराव मात्र मुंबईतच करता येतो, आणि त्यासाठी एक पैसा लागत नाही. संध्याकाळच्या कर्जत किंवा विरार लोकलमध्ये चौघांच्या गुडघ्यांवर ब्रीफकेस आडवी ठेवून पत्ते खेळणारे गट आपण रोज पाहतो. त्यांच्या डोक्यावर, कडीला धरून उभे राहावे आणि ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंत एकेक डाव मनात नोंदवत जावे: उतारी कोणाची, कोणते पान कोणी केव्हा टाकले, कोण किती वेळ थांबला. बाहेर पडल्यावर फलाटावरच वहीत तो डाव उतरवून काढावा. पहिल्या आठवड्यात निम्माही आठवत नाही. या सरावाचा दुसरा फायदा अधिक मोलाचा आहे. उभ्या माणसाला दोघांची पाने दिसत असतात आणि त्याच्या चेहऱ्यावरची रेषा हलली तरी खेळणारा चटकन वर पाहतो. पत्ते दिसत असताना निर्विकार राहणे ही पोकरच्या वार्ताहराची पहिली अर्हता आहे, आणि लोकलमधले जुने खेळाडू ती फार कडक शब्दांत शिकवतात.

तीन पत्ती खेळून वाढलेल्या वार्ताहराने एका ठिकाणी विशेष सावध राहावे. आपल्याकडे सिक्वेन्स कलरला मारतो. पोकरमध्ये कलर, म्हणजे फ्लश, हा सिक्वेन्सला, म्हणजे स्ट्रेटला, मारतो. हा केवळ रिवाजाचा फरक नाही. तीन पानांच्या एकूण २२,१०० जुळण्यांत साधे सिक्वेन्स ७२० आणि साधे कलर १,०९६ येतात, म्हणून सिक्वेन्स दुर्मीळ आणि वरचढ. पाच पानांच्या २५,९८,९६० जुळण्यांत मात्र स्ट्रेट १०,२०० आणि फ्लश अवघे ५,१०८ येतात, त्यामुळे क्रम उलटतो. रात्री एक वाजता, थकलेल्या डोक्याने, चिप्स कोणाकडे सरकल्या हे न पाहता केवळ पानांवरून विजेता लिहिणाऱ्याची चूक नेमकी इथे होते. दिवाळीत पत्ते खेळणारा वाचकही इथेच गोंधळतो, त्यामुळे एखादा मोठा डाव असा फिरला असेल तर बातमीत एका वाक्यात हा फरक सांगून टाकावा.

आता वहीकडे वळू. टेबलाजवळ उभे राहून पूर्ण शब्द लिहायला वेळ मिळत नाही, त्यामुळे प्रत्येकाने आपली लघुलिपी बेतावी. रंगांसाठी मी इ, ब, चौ, कि अशी खूण करतो: इस्पिक, बदाम, चौकट, किलवर. पानांच्या बाबतीत सुरुवातीला मी राजा आणि राणी दोघांनाही ‘रा’ लिहीत असे आणि पहिल्याच रात्री कोणाच्या हातात काय होते हे मलाच उमगेना. तेव्हापासून राजाला ‘जा’, राणीला ‘णी’, गुलामाला ‘गु’ आणि दश्शीला ‘द’ असे लिहितो. खेळाडूचे नाव डावाच्या वेळी लिहूच नये. आसनाचा क्रमांक लिहावा. डीलरच्या डाव्या हाताचे आसन एक, आणि तिथून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने नऊपर्यंत. बटण, म्हणजे डावागणिक एकेक आसन पुढे सरकणारी चकती, कोणासमोर आहे हे कळले की स्मॉल ब्लाइंड, बिग ब्लाइंड आणि बाकीच्यांची स्थाने आपोआप कळतात, म्हणून प्रत्येक नोंदीचा पहिला आकडा बटणाच्या आसनाचा असावा.

वार्ताहर डावाच्या सुरुवातीला जवळजवळ कधीच हजर नसतो. वीस-पंचवीस टेबले चाललेली असतात, कुठेतरी गलका होतो, तुम्ही पोहोचता तेव्हा टेबलाच्या मध्यावरची, सर्वांना सामाईक अशी चार पाने उघडी पडलेली असतात: एकदम येणारी पहिली तीन म्हणजे फ्लॉप, चौथे टर्न, आणि पाचवे, रिव्हर, अजून यायचे असते. अशा वेळी पॉटवरून, म्हणजे मध्ये जमलेल्या चिप्सवरून, मागे जाता येते. समजा ब्लाइंड १०,००० आणि २०,००० आहेत आणि बिग ब्लाइंडवाला सर्वांच्या वतीने २०,००० चा अँटी, म्हणजे डावाआधीची सक्तीची भर, भरतो. टेबलावर बदाम राणी, किलवर सत्ती, चौकट दुर्री आणि टर्नला इस्पिक नव्वी आहे. चौथे आसन बिग ब्लाइंडवर, पहिले आसन बटणाच्या उजवीकडच्या, म्हणजे कटऑफच्या जागेवर. पॉटमध्ये साधारण २,२०,००० दिसतात. शेजारच्या, डावातून बाहेर पडलेल्या खेळाडूला हळूच विचारले की आधी रेझ, म्हणजे वाढवलेली बेट, किती होता, तर तो ४५,००० सांगतो. आता हिशेब जुळवावा: ४५,००० दोनदा म्हणजे ९०,०००, सोडून दिलेला स्मॉल ब्लाइंड १०,०००, अँटी २०,०००, एकूण १,२०,०००. उरलेले एक लाख, म्हणजे फ्लॉपवर दोघांनी प्रत्येकी ५०,००० घातले. डाव संपल्यावर दोघांपैकी एकाला इतकेच विचारायचे की फ्लॉपवर बेट कोणाची होती. आकडा जुळला नाही तर आपल्याला सांगितलेले काहीतरी चुकीचे आहे, आणि तो डाव सोडून देणे बरे.

पुढे टर्नला दोघांनी चेक केले, म्हणजे काही न लावता पाळी पुढे दिली, रिव्हरला इस्पिक तिर्री आली, चौथ्या आसनाने १,५०,००० ची बेट लावली, पहिल्या आसनावरचा खेळाडू दोन मिनिटे विचारात पडला आणि त्याने पाने टाकून दिली. चौथ्या आसनाने आपली पाने न दाखवता डीलरकडे सरकवली. बातमीत इथपर्यंतच लिहावे. ‘त्याने ब्लफ करून पॉट मारला’ असे वाक्य लिहिण्याचा मोह होतो, पण आपण पाने पाहिलेली नाहीत. नंतर चहाच्या वेळी तो खेळाडू हसत हसत ‘माझ्याकडे काहीच नव्हते’ म्हणाला, तर ते त्याचे म्हणणे म्हणून अवतरणात द्यावे, तेही त्याला विचारून. कारण त्याला अजून त्याच माणसांसमोर बसून खेळायचे आहे आणि तो खरे सांगतो आहे याची हमी कोणीच देत नाही. वाचकाला हल्ली झाकलेली पाने कळण्याची सवय लागली आहे, आणि तिचे मूळ दूरचित्रवाणीत आहे: १९९९ साली ब्रिटनमध्ये टेबलात बसवलेल्या कॅमेऱ्यांतून खेळाडूंची पाने दाखवणारा कार्यक्रम सुरू झाला आणि पोकर पाहण्याची रीतच बदलली. टेबलाशेजारी उभ्या राहिलेल्या वार्ताहराकडे तो कॅमेरा नसतो. टेबलाने दाखवले तेवढेच त्याचे.

चिप्स मोजणे हे निम्मे काम आहे. स्पर्धेत खेळाडूंनी चिप्स वीस-वीसच्या गठ्ठ्यांत आणि मोठ्या किमतीच्या पुढे ठेवाव्यात अशी अपेक्षा असते, त्यामुळे गठ्ठे मोजले की काम होते. ५,००० च्या चिप्सचे दोन पूर्ण गठ्ठे म्हणजे दोन लाख, २५,००० च्या बारा म्हणजे तीन लाख, वर १,००० च्या पंधरा सुट्या: झाले ५,१५,०००. सुट्या चिप्सच्या मागे लागू नये. लाखांत एक दशांश स्थान पुरते. गठ्ठा वीसचाच आहे की नाही हे कळण्यासाठी शेजारच्या गठ्ठ्याशी उंची ताडून पाहावी, बोट लावून मोजू नये. खेळाडूच्या चिप्सना किंवा पानांना स्पर्श करणे, त्याच्या खांद्यावरून वाकणे, चालू डावात कोणाशीही बोलणे, यांपैकी एकही गोष्ट केली तर टेबलावरचा अधिकारी तुम्हाला दोरीबाहेर पाठवतो, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही.

मोजलेले आकडे तपासण्याची एक कसोटी आहे. ३०० प्रवेश आणि प्रत्येकी ५०,००० चिप्स असतील, तर स्पर्धेतल्या एकूण चिप्स दीड कोटी. खेळाडू ३० उरले की सरासरी पाच लाख, म्हणजे २०,००० च्या बिग ब्लाइंडने पंचवीस. तुमच्या यादीची बेरीज दीड कोटीच्या आसपास आली पाहिजे. ती एक कोटी ऐंशी लाख झाली तर कुठेतरी शून्य वाढले आहे, आणि ते बहुधा आघाडीवरच्या खेळाडूपुढे वाढलेले असते, कारण मोठ्या ढिगापुढे डोळे दिपतात. वाचकासाठी चिप्सचा आकडा एकटा देऊ नये. ‘सहा लाख, म्हणजे तीस बिग ब्लाइंड’ असे लिहिले की खेळाडू ऐसपैस बसला आहे की घायकुतीला आला आहे हे त्याला कळते. चिप्स म्हणजे रुपये नव्हेत, हेही पहिल्याच परिच्छेदात सांगावे. नाहीतर सकाळी कोणीतरी काका फोन करून विचारतात की त्या मुलाने एका पत्त्यावर सहा लाख लावलेच कसे.

याच संदर्भात ‘प्रवेश’ आणि ‘खेळाडू’ हे शब्द अदलाबदलीने वापरू नयेत. ३०० प्रवेशांमागे माणसे दोनशेवीसही असू शकतात, कारण बाद झालेला खेळाडू ठरावीक वेळेपर्यंत पुन्हा शुल्क भरून येतो. कोणी कसा आत आला हेही विचारावे. पूर्ण शुल्क भरून, की छोट्या शुल्काची सॅटेलाइट स्पर्धा जिंकून? २००३ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमध्ये ८३८ जणांना मागे टाकून २५ लाख डॉलर जिंकणारे ख्रिस मनीमेकर हे हिशेबनीस होते आणि दहा हजार डॉलरच्या त्या स्पर्धेत ते ऑनलाइन सॅटेलाइटमधून आले होते; त्यांच्या विजयाची बातमी जगभर गाजली ती या एका तपशिलामुळे.

माझी स्वतःची एक चूक इथे सांगतो. पहिल्या मोठ्या स्पर्धेत रात्री साडेअकराच्या सुमारास मी एका ठाणेकर खेळाडूच्या टेबलाजवळ गेलो, तर आसन सहा रिकामे, चिप्स नाहीत, खुर्ची मागे सरकवलेली. मी तो बाद झाल्याचे मुंबईला कळवले आणि ते दहा मिनिटांत छापूनही आले. प्रत्यक्षात खेळाडू कमी झाल्याने टेबलांचा समतोल साधण्यासाठी त्याला दुसऱ्या टेबलावर हलवले होते. तो तिथे शांतपणे चिप्सच्या पेटीतून गठ्ठे लावत बसला होता. त्याच्या भावाने त्याला ‘जाऊ दे, पुढच्या वेळी बघू’ असा निरोप पाठवला तेव्हा त्याला कळले की तो बाद झाला आहे. त्याने मला काही सुनावले नाही, फक्त पुढचे दोन दिवस माझ्याशी बोललाही नाही. तेव्हापासून माझा नियम असा: बाद होणे डोळ्यांनी पाहिले असेल किंवा आयोजकांच्या यादीत आले असेल तरच लिहायचे. रिकामी खुर्ची हा पुरावा नव्हे. माणूस बिडी ओढायलाही गेलेला असू शकतो.

बबलच्या वेळी, म्हणजे आणखी एक जण बाद झाला की उरलेल्या सर्वांना बक्षीस मिळणार अशा टप्प्यावर, मात्र जागा सोडू नये. समजा ३९ जणांना बक्षीस आहे आणि ४० उरले आहेत. इथून डाव सगळ्या टेबलांवर एकेक करून खेळवला जातो: ज्या टेबलाचा डाव आधी संपतो ते बाकीच्यांसाठी थांबते. या काळात कोणी ऑल-इन झाला, म्हणजे त्याने सगळ्या चिप्स लावल्या, की डीलर हात वर करतो, सगळे उठून तिकडे धावतात, आणि वार्ताहराने धावण्याऐवजी आधी पाहायचे असते की दुसऱ्या टेबलावरही कोणी ऑल-इन आहे का. एकाच फेरीत दोन वेगळ्या टेबलांवर दोघे बाद झाले तर ते बक्षीस वाटून घेतात. एकाच टेबलावर दोघे गेले तर डावाच्या सुरुवातीला ज्याच्याकडे जास्त चिप्स होत्या तो वरच्या क्रमांकावर राहतो. म्हणून बबलच्या वेळी छोट्या ढिगांचे आकडे आधीच वहीत हवेत. खरी बातमी तिथेच असते, आघाडीवरच्या माणसाकडे नव्हे: घड्याळाकडे पाहत एकेका डावात पूर्ण वेळ घेणारा तो माणूस, ज्याच्याकडे तीन बिग ब्लाइंड उरले आहेत आणि हातातली दश्शीची जोडी टाकावी की खेळावी हे त्याला ठरवता येत नाही.

बक्षिसांच्या आकड्यांबाबत आपल्या वृत्तपत्रांत फार ढिलाई असते. पहिल्या क्रमांकाचे छापील बक्षीस आणि प्रत्यक्ष मिळालेली रक्कम यांत फरक पडतो, कारण शेवटचे तीन-चार खेळाडू पुष्कळदा उरलेल्या चिप्सच्या प्रमाणात आपसांत वाटणी ठरवतात. अशी वाटणी झाली असेल तर करारानंतरचे अधिकृत आकडे आयोजकांकडून घ्यावेत आणि बातमीत वाटणी झाल्याचे स्पष्ट लिहावे. शिवाय जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कर मुळातच कापला जातो, खेळाडूने दोनदा-तीनदा प्रवेशशुल्क भरलेले असते, आणि अनेकांनी आपल्या कमाईतला हिस्सा मित्रांना आधीच विकलेला असतो. त्यामुळे ‘बक्षीस’ लिहावे, ‘कमाई’ किंवा ‘नफा’ लिहू नये. मथळ्यात ‘रातोरात लखपती’ असे काही तर मुळीच नको. त्या खोलीत बाकीच्या २९९ प्रवेशांचे पैसेही कोणीतरी भरलेले असतात.

जाहिरातीबाबत आता नवी काळजी घ्यावी लागते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घातली आहे. जहाजावर समोरासमोर चाललेली स्पर्धा हा वेगळा विषय आहे, पण खेळाडूंच्या जुन्या टी-शर्टांवर अशा संकेतस्थळांची चिन्हे अजून दिसतात. छायाचित्र निवडताना ती चौकटीबाहेर ठेवावीत. फ्लॅश कधीच वापरू नये, आणि पोकरच्या खोलीबाहेरच्या टेबलांकडे कॅमेरा वळवू नये. तिथे बसलेल्या माणसाने तुम्हाला परवानगी दिलेली नाही, आणि त्याने घरी कदाचित वेगळेच गाव सांगितलेले असते. वार्ताहराने स्वतः त्या दिवसांत जहाजावर कुठलाही खेळ खेळू नये, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

अंतिम टेबलाची बातमी आदल्या दिवशीच अर्धी लिहून ठेवावी: नऊही जणांची आसने, चिप्स, गाव, पूर्वीची कामगिरी. भारतीय खेळाडूंच्या संदर्भासाठी दोन गोष्टी हाताशी असाव्यात. २०१७ मध्ये निपुण जावा आणि आदित्य सुशांत यांनी लास व्हेगासला जोडीच्या स्पर्धेत वर्ल्ड सिरीजच्या विजेत्याला मिळणारे कंकण जिंकले, आणि २०२४ मध्ये संतोष सुवर्णा यांनी तिथेच अडीच लाख डॉलर प्रवेशशुल्काची स्पर्धा जिंकून ५४ लाख डॉलरहून अधिक बक्षीस मिळवले. शेवटचे दोघे उरले की डाव भराभर होतात आणि स्थाने बदलतात: बटणावरचा खेळाडूच स्मॉल ब्लाइंड भरतो, फ्लॉपच्या आधी तोच पहिल्यांदा बोलतो आणि नंतर शेवटी. नवखा वार्ताहर इथे दोघांची नावे उलटी लिहितो.

निकाल पहाटे लागतो. किनाऱ्यावर जाणारी बोट सुटेपर्यंत जेट्टीच्या बाजूला थांबावे लागते, आणि मुंबईचा मजकूर त्या आधीच गेलेला बरा. पण तो पाठवण्यापूर्वी विजेत्याकडे एकदा वही पुढे करून त्याचे नाव देवनागरीत लिहून घ्यावे. आयोजकांची यादी रोमन लिपीत असते आणि तिच्यात काळे आणि काले, भोळे आणि भोले, बाळ आणि बाल सगळे सारखेच दिसतात. त्या क्षणी त्याच्या गळ्यात मित्र पडलेले असतात, कोणीतरी त्याचा फोन त्याच्या कानाला लावत असतो. तरीही थांबावे, पेन त्याच्या हातात द्यावे, आणि त्याने लिहिलेले अक्षर न अक्षर तसेच मुंबईला कळवावे.